पॉइंट मोजू नका, बाकडं टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘दोन दिवसांत अलिबाग-मुरुड, बारा पॉइंट’ असा मजकूर होता. त्यात आमचा रेवदंडा सातव्या नंबरावर आहे आणि पुढे कंसात ‘वीस मिनिटे’ असं लिहिलं आहे. लग्न होऊन मी या गावात आले त्याला चाळीस वर्षं होतील. कोटाच्या आत आमचं घर, मागे नारळी-पोफळीची वाडी. वीस मिनिटांत आमच्या पडवीत चहासुद्धा होत नाही, कारण त्याआधी ‘बसा, कुठून आलात’ व्हायचं असतं. पण मी रागावून लिहीत नाहीये. गेल्या वर्षी मी स्वतःच असे पॉइंट मोजत परदेशात फिरून आले, आणि त्या सगळ्या प्रवासातला एकच दिवस मला सकाळपासून रात्रीपर्यंत धड आठवतो. तो आमच्या कार्यक्रमात नव्हता.

गौरी-गणपती आटोपून सप्टेंबरअखेर आम्ही दोघं एका टूरबरोबर स्पेन आणि पोर्तुगालला गेलो होतो. सकाळी सहाला उठायचं, बॅग दाराबाहेर ठेवायची, नाश्ता, बस. टूरचा मॅनेजर मुलगा हातात छोटा झेंडा घेऊन पुढे आणि आमची चाळीस जणांची दिंडी मागे. ‘फोटोसाठी दहा मिनिटं’ म्हटलं की उतरायचं. माद्रिद कुठलं आणि सेव्हिल कुठलं, हे आज विचाराल तर फोटोत मागे काय दिसतंय ते बघून हे सांगतात, मला नाही सांगता येत. ह्यांना मात्र तो प्रकार मानवला होता. टपाल खात्यात जन्म काढलेला माणूस. सातची एसटी असली की हे सव्वासहाला स्टँडवर. रोजचा कार्यक्रम सुवाच्य अक्षरात लिहून शर्टाच्या खिशात, आणि बघून झालेल्या ठिकाणावर पेनाने काट.

लिस्बनला पोचलो त्या रात्री ह्यांनी जेवणानंतरचं क्रीमचं गोड दोनदा मागून घेतलं. पुढचं सांगायला नको. मंगळवारी सकाळी साडेसातला बस फातिमाच्या तीर्थस्थानाकडे आणि सिंत्राच्या राजवाड्यांकडे निघायची होती, आणि हे न्हाणीघरातून बाहेर येईनात. मॅनेजर मुलगा भला, त्याने मिठासाखरेच्या पुड्या दिल्या, फोन नंबर लिहून दिला आणि दिंडी घेऊन गेला. साडेनऊला हे उठून बसले, तोंड धुतलं आणि म्हणाले, ‘बरं वाटतंय. आता काय करायचं?’

संसारात इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला. मी म्हटलं, ‘बाहेर पडू.’

‘कुठे?’

‘ते पडल्यावर बघू.’

त्यांनी सवयीने खिशाला हात लावला. कागद होता, पण त्यावर फातिमा आणि सिंत्रा.

हॉटेलपासून चार पावलांवर मेट्रो होती. तिथल्या यंत्रातून पुठ्ठ्याची दोन कार्डं घेतली, अर्ध्या अर्ध्या युरोची. त्यात पैसे भरायचे आणि मेट्रो, ट्राम, बस, नदीतली बोट, जिथे जाल तिथे तेच टेकवायचं. हे मुद्दाम सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

रोसियो नावाच्या चौकात वर आलो आणि ह्यांनी माझा दंड धरला. सगळ्या चौकाला काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा काढलेल्या आहेत. पांढरा दगड चुनखडीचा, काळा बसाल्टचा, म्हणजे आपलाच काळा पत्थर. रात्रभर पोट धरून बसलेल्या माणसाला त्या लाटांवरून चालणं जमेना, जमीन हलतेय म्हणाले. मग बाकड्यावर बसलो. बाकडं होतं म्हणून बसलो, हेही लक्षात ठेवा. बाजूच्या गल्लीत दोन माणसं उकिडवी बसून फरसबंदी दुरुस्त करत होती. मुठीएवढा दगड हातात फिरवायचा, हातोडीने टोक उडवायचं, वाळूत बसवायचा, वरून ठोकायचा. एक दगड, मग दुसरा. आमच्या गावी वाडीची विहीर बांधायला आलेला पाथरवट असाच दगड आधी तळहातावर तोलून बघायचा. आम्ही अर्धा तास ते बघत बसलो असू. झेंड्यामागे असतो तर अर्ध्या तासात तीन चर्चं झाली असती.

त्या चौकातून मान वर केली की टेकडीवर कमानींचा एक उघडा सांगाडा दिसतो, छप्परच नाही. ते कार्मोचं मठ-चर्च. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बनला मोठा भूकंप झाला, मागून समुद्र आत आला आणि मग आगी लागल्या. शहर पुन्हा बांधलं, पण या चर्चचं मुख्य छप्पर पुन्हा घातलं नाही. तसंच ठेवलं, झाडून-पुसून. ह्यांनी लगेच हिशोब केला. रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आलं १७४० मध्ये. ‘म्हणजे आपल्याकडून गेले आणि पंधरा वर्षांत हे.’ मी म्हटलं, मेलेल्यांमध्ये आपल्याकडे आलेलं कुणी नव्हतं, सणासाठी देवळात गेलेली माणसं होती. ते गप्प बसले.

सगळे पर्यटक ज्या अठ्ठावीस नंबरच्या ट्रामसाठी जीव टाकतात तिची रांग बघून आम्ही तो नाद सोडला. तेवढ्यात बारा नंबरची आली, तशीच पिवळी, तशीच लाकडी, आत जागा. ‘ही कुठे जाते?’ हे म्हणाले. मी आधी चढले आणि मग म्हटलं, ‘जाते कुठेतरी.’ त्या ट्रामचं काय वर्णन करू. दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंती खिडकीतून हाताला लागतील अशा गल्ल्यांतून ती चढावर कण्हत जाते. वर एका गच्चीसारख्या जागेपाशी बरेच जण उतरले, आम्हीही उतरलो. सांता लुझिया. अशा गच्च्यांना ते मिरादोरु म्हणतात, बघत बसायची जागा. बोगनवेलीचा मांडव, निळ्या फरशा, खाली लाल कौलांची उतरंड आणि पलीकडे तेजू नदी. नदी कसली, आमची कुंडलिका रेवदंड्याच्या पुलाखाली भरतीला फुगते तिच्या कितीतरी पट. कौलं बघून मला घरी आल्यासारखं वाटलं, आणि हे म्हणाले, ‘एवढी कौलं, आणि माकड एक नाही.’ आमच्याकडचे वाडीवाले या वाक्याचा अर्थ जाणतील.

तिथल्याच चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांची दोन मोठी चित्रं आहेत. एकात भूकंपाच्या आधीचा नदीकाठचा चौक. दुसऱ्यात ११४७ ची, मुसलमान मूरांच्या हातातल्या इथल्या किल्ल्यावरची पोर्तुगिजांची चढाई. तिथे मार्तिम मोनिझ नावाचा एक जण दरवाजा मिटू नये म्हणून स्वतः फटीत अडकून मेला, अशी त्यांची दंतकथा. हे चित्रापुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, ‘हा यांचा बाजीप्रभू.’ मी तीस वर्षं इतिहास शिकवला, मला हे सुचलं नव्हतं.

पुढचे दोन तास आम्ही आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत हरवलो. खरंच हरवलो. पायऱ्या उतरलो की त्याच वळणावर परत. डोक्यावर वाळत घातलेले कपडे, कट्ट्यावर मांजरं, एका दारात स्टुलावर बसलेली म्हातारी चेरीची दारू पेल्यापेल्याने विकत होती. हे म्हणाले, औषध म्हणून घेऊ का. एक युरोचं औषध घेतलं. आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगते. फुकटची शौचालयं तिथेही सहज सापडत नाहीत. कॅफेत शिरायचं, बिका मागायची (बिका म्हणजे बोटभर कपात कडू कॉफी) आणि मग आतला रस्ता विचारायचा. ह्यांनी त्या दिवशी पाच बिका घेतल्या. पोट बिघडलेल्या माणसाने पोटासाठीच कॉफी प्यायची आणि त्या कॉफीने परत पोट, असं ते चक्र चाललं होतं.

बऱ्याच दारांवर आकड्यांच्या कुलुपाच्या छोट्या डब्या दिसल्या. आधी वाटलं गॅसचं काही असेल. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांच्या किल्ल्या त्यात असतात. जिथे डबी तिथे वाळत घातलेले कपडे नाहीत, एवढं बघितलं आणि आमच्याकडच्या वाड्या आठवल्या, ज्यांच्या विहिरीजागी आता निळ्या फरशीचा तरणतलाव आहे. आमच्या घराजवळ अशा दोन झाल्या.

जेवायला एका छोट्या खाणावळीत शिरलो. ह्यांना पेज हवी होती. पेज कशी सांगायची? मालक बाई इंग्रजी जेमतेम. मी हात पसरून म्हटलं, ‘बटाटा?’ ती म्हणाली, ‘बताता, सीं, सीं.’ मग आत जाऊन हिरव्या पानांची जुडी घेऊन आली आणि म्हणाली, ‘कोव्ह.’ कोबी! आमच्यासारखा गड्डा नाही, पानांचाच, पण कोबीच. बटाटा घोटून त्यात ती पानं केसासारखी बारीक चिरून घातलेलं सूप आलं. वर घालायचा सॉसेजचा तुकडा ह्यांच्या पोटाकडे बोट दाखवून काढायला लावला. सोबत पाव, म्हणजे ‘पांव’. हिरवी पेज आणि पाव. दोन वाट्या प्यायले आणि रंग परत आला.

संपादक महोदय, मी शाळेत इतिहासाबरोबर मराठीही शिकवायची. परभाषेतून आलेले शब्द हा धडा दर वर्षी. पोर्तुगीज शब्द कोणते? बटाटा, कोबी, पगार, चावी, साबण, घमेलं, बिजागरी, हापूस. मुलं आरतीसारखे म्हणायची. माझ्या दृष्टीने ते परीक्षेतले दोन गुण होते. त्या दिवशी ते शब्द ताटात वाढून आले.

खाणावळीतून वर चढलो तर एका मोठ्या पटांगणात बाजार. मंगळवार आणि शनिवार असा तो भरतो, फैरा दा लाद्रा, चोरटीचा बाजार. आपला चोरबाजारच म्हणा, जमिनीवर चादरी अंथरून. एका म्हाताऱ्याकडे गंजलेलं लोखंड होतं, कुलपं, किल्ल्या, बादल्या. माझा धडा मी तिथे पुन्हा घेतला. किल्ली उचलून म्हटलं, ‘चावी.’ तो म्हणाला, ‘शाव्ह’ आणि हसला. बादली उचलली, तो ‘बाल्द’. साबणाचा हात करून दाखवला, ‘साबांव’. घमेलं बोलले, तो ‘गामेला’ म्हणाला. बिजागरी मात्र त्याला कळेना. बिजागरी हातात धरून म्हटलं तरी मान हलवली आणि दुसरंच काही लांबलचक नाव सांगितलं. म्हणजे आपण जपून ठेवलेला शब्द त्यांच्या तोंडातून गेला असावा. शेवटी मी एक चावी विकत घेतली, कुठल्या कुलपाची देव जाणे. त्याने सुटे पैसे मोजून दिले, ‘दोइश, त्रेश, क्वात्रु, सिंकु’, आणि मला कोर्लईची शाळा आठवली. मी तिथे सहा वर्षं होते. किल्ल्याखालच्या त्या गावात हजारभर माणसं अजून पोर्तुगिजातून जन्मलेली एक बोली घरात बोलतात, आणि माझी मुलं गोट्या मोजायची ती याच आकड्यांच्या भावंडांनी. तेव्हा मी त्यांना दटावायची, ‘मराठीत मोजा.’

बाजारात जुन्या निळ्या फरशाही होत्या. एक मला फार आवडली. हे कानाशी म्हणाले, ‘कुणाच्या भिंतीची असेल?’ ठेवून दिली. आमच्या कोटाच्या तटाचे घडीव दगड कुणाकुणाच्या जोत्यात आहेत ते गावाला माहीत आहे, म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळी नदीकाठी आलो. बोटीसाठी तिकिटाची खिडकी नाही, रांग नाही, तेच पुठ्ठ्याचं कार्ड टेकवलं आणि दहा मिनिटांत पलीकडे कासिल्यासला. कामावरून घरी जाणाऱ्या बायका, भाजीच्या पिशव्या, झोपलेली पोरं. आपली रेवसची लाँच. उतरल्यावर धक्क्याच्या बाजूला निखाऱ्यावर मासे भाजायचा वास. सार्डिनी. म्हणजे हो आपल्या तारल्या! बाजारात कोळीण वाटा लावते तेव्हा ‘ताईनू, तारल्या घ्या’ म्हटलं की आम्ही पुढच्या पापलेटाकडे बघतो. इथे पांढऱ्या टेबलक्लॉथवर सहा तारल्या, जाडं मीठ, लिंबाची फोड आणि उकडलेला बटाटा, हजार रुपयांच्या वर. ह्यांनी पोटाचं कारण सांगून दोनच खाल्ल्या आणि मग माझ्या ताटातल्या दोन. काटे काढायला बसलो ते पुलामागे सूर्य गेला तरी बसलोच होतो. काय बोललो आठवत नाही. वाडीच्या मोटारीचं काहीतरी बोललो असू. आणि लग्नानंतर आम्ही अलिबागला सिनेमाला म्हणून गेलो होतो, तिकीट मिळालं नाही आणि किनाऱ्यावर रात्रीपर्यंत शेंगदाणे खात बसलो, शेवटची गाडी चुकली, ते निघालं. तेव्हाही ह्यांच्या खिशात कागद होता म्हणे. मला आठवत नाही.

नऊला हॉटेलवर आलो तर दिंडी आधीच परतलेली. पाय सुजलेले. ‘तुमचा दिवस वाया गेला, काकू,’ असं सगळ्यांनी हळहळून सांगितलं. फातिमा राहिलं, सिंत्रा राहिलं. ते खरं आहे.

आता रेवदंड्याचं. त्या दिवशी आमची कुणी सोय केली नव्हती. पण साठी उलटलेल्या, एक आजारी, भाषा न येणाऱ्या दोन माणसांना वाट चुकत फिरता येईल इतपत सोय त्या गावाने सगळ्यांसाठीच करून ठेवली होती. दर चढावर टेकायला जागा, प्यायच्या पाण्याचा नळ, कुठल्याही गाडीला चालणारं कार्ड. तेवढ्यावर आमचा दिवस निघाला.

आमच्याकडेही छप्पर गेलेलं चर्च आहे. सांता बार्बराचा मनोरा, आम्ही त्याला सातखणी म्हणतो. सात खण आता नाहीत, उरलेत ते मात्र बघण्यासारखे आहेत. पायथ्याशी तोफगोळे पडलेत आणि त्यांच्याशेजारी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या. तटाला लागून सुरूचं बन, काळी वाळू, समोर कोर्लईचा डोंगर पाण्यात शिरलेला. मुंबईहून वयस्कर जोडपी येतात, मनोरा बघतात आणि उभ्यानेच इकडे-तिकडे बघतात. टेकायला काही नाही. मग गाडीत जाऊन बसतात, आणि गाडीत बसलं की ड्रायव्हर पुढचा पॉइंट काढतो. तुमची वीस मिनिटं तिथून येतात. परवा एका बाईंना मी आमच्या ओटीवर बसवलं. त्या दीड तास बसल्या, कोकम सरबत प्यायल्या, सुपारी कशी सोलतात ते बघितलं, आणि मुरुडचा जंजिरा त्यांचा राहिला.

गावातल्या हायस्कुलाच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात हा रशियन व्यापारी आमच्या चौलला उतरला. तोही ठरवून आला नव्हता. वाटेत लुटला गेला, घरी परतावं तर कर्ज, म्हणून पुढे सरकत राहिला, आणि एक घोडा विकायला म्हणून इथे पोचला. बाराच्या यादीत त्याचं नाव नाही, कारण त्याच्यासमोर फोटो चांगला येत नाही.

माझं मागणं मोठं नाही. सातखणीच्या सावलीत दोन आणि तटावर सुरूच्या बनाकडे तोंड करून दोन, अशी चार बाकडी. सिमेंटची चालतील, त्यांच्यावर कुणा पुढाऱ्याचं नाव लिहिलं तरी चालेल, फक्त पाठीला टेका असू द्या. एक नळ. स्टँडवर मराठीत एक पाटी, चौलला रामेश्वराकडे गाडी किती वाजता, कोर्लईला किती वाजता, परतीची शेवटची कधी. आणि ते कार्ड. ही कल्पना आपल्याला परकी नाही. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस आजही धरलेली असते आणि लोक ती मुकाट्याने वापरतात. तेच तिकीट अलिबागला न थांबता चौल, रेवदंडा, मुरुडपर्यंत आणि आगरदांड्याच्या फेरीबोटीत चाललं, तर आमच्याकडेही एखादं जोडपं ‘ही गाडी कुठे जाते’ हे चढल्यावर विचारील. ज्यांच्या हातात हे आहे त्यांनी हिशोब करून बघावा. आणि आपण पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा कंसातली मिनिटं तेवढी गाळा, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड

ता. क. पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, बाकी ठीक आहे, पोटाचं तेवढं काढ. आणि बिका पाच नव्हत्या, चार होत्या. त्यांनी कागदाच्या मागे लिहून ठेवलं आहे.